तुम्ही विचारलंत म्हणून: पुरुष असून गुलाब का लावतोस?

माझ्या गुलाबाच्या परफ्यूमवरून हा प्रश्न मला लग्नात, लिफ्टमध्ये, ट्रेकला जाताना गाडीत, सगळीकडे विचारून झालाय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, "हे लेडीज नाही का?", "वहिनींचं मारून आलास का आज?", आणि गेल्या महिन्यात एका नातेवाइकांनी तर बायकोलाच बाजूला घेऊन विचारलं. आजवर हसून विषय बदलत आलो, आज नीट लिहितो.

मी लावतो ते ले लाबो या कंपनीचं रोझ ३१. न्यूयॉर्कच्या एलिझाबेथ स्ट्रीटवर २००६ साली या लोकांनी पहिलं दुकान काढलं तेव्हाच्या पहिल्या दहा सुगंधांतलं हे एक, डाफ्ने ब्युजे या परफ्यूमरने बनवलेलं. ३१ म्हणजे त्यातल्या घटकांची संख्या, असं कंपनी सांगते. दुकानात बाटली तुमच्यासमोर तयार करतात आणि लेबलवर तारीख आणि तुमचं नाव छापून देतात. माझी बाटली मावसभावाने आणली, लेबलवर माझं नाव आहे. पुरुषांचं की बायकांचं असं त्यावर कुठेही लिहिलेलं नाही, कारण ते तसं बनवलेलंच नाहीये.

आणि वास? तुमच्या डोक्यात गुलाब म्हणजे अगरबत्ती, साबण आणि सरबत असेल तर हा तो गुलाब नव्हे. सुरुवातीची दहा मिनिटं गुलाब असतो, ताजा, थोडा तिखट, आणि मग खालून सीडर, व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळा, धूप, थोडा ऊद म्हणजे अगरूचं लाकूड, आणि जिरं. हो, जिरं, आपलं फोडणीचं. या जिऱ्याकडे नंतर येतो, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच झालंय.

आधी "लेडीज"चं बघू. माझे वडील आयुष्यभर गुलाबाचं अत्तर लावायचे. मुंबईला गेले की मोहम्मद अली रोडवरून बोटाच्या पेराएवढी कुपी आणायचे, कापसाचा छोटा फाया करून कानाच्या पाळीच्या वरच्या खोबणीत ठेवायचे आणि कोर्टात जायचे. त्यांना कुणी कधी विचारलं नाही. नेहरूंच्या शेरवानीवर गुलाब होता, त्यांनाही नाही. आपल्याकडे लग्नात दारात गुलाबदाणीने पाणी शिंपडतात ते काय नवऱ्याकडचे पुरुष सोडून शिंपडतात का? उत्तर प्रदेशातल्या कनौजला आजही तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, पाकळ्या उकळून त्यांची वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरवतात, आणि ते अत्तर पुरुषही पिढ्यानपिढ्या लावत आलेत. गुलाब बायकांचा झाला तो दुकानात दोन वेगळी शेल्फं लागली तेव्हा. मग १९९४ला कॅल्विन क्लाइनचं सीके वन हे बायका-पुरुष दोघांसाठीचं परफ्यूम आलं आणि सगळ्यांना वाटलं युनिसेक्स हा काहीतरी नवीन शोध आहे, माझ्या वडिलांच्या कानात तो आधीपासून होता.

इथपर्यंत मी बरोबर आहे आणि इथे मी मागे हटणार नाही. पण खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त लागलं ते या प्रश्नाने नाही.

२०१८चा मे महिना. हिंजवडीत एका कंपनीत होतो. दुपारी अडीचला मॅनेजरने छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं, आत एचआरची मुलगी आधीच बसलेली. मला वाटलं अप्रेझलचं काहीतरी असेल, मी वहीपण नेली होती. मॅनेजर माझ्याहून चारेक वर्षांनी लहान, तो पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होता, बंद करत होता. मग म्हणाला, सर, थोडं पर्सनल आहे, वाईट वाटून घेऊ नका, टीममधून दोघातिघांनी सांगितलंय. मी म्हटलं, काय? तो एचआरकडे बघायला लागला. ती म्हणाली, हायजीनबद्दल आहे, म्हणजे उन्हाळा आहे, सगळ्यांनाच होतं, पण तुम्ही रोज डिओ वापरलात तर बरं होईल.

मी रोज दोनदा आंघोळ करतो. त्या दिवशी सकाळी मानेवर दोन आणि मनगटावर एक असे तीन स्प्रे मारले होते.

मला तिथे बसल्या बसल्या कळलं काय झालंय ते. जिरं. घामात तयार होणाऱ्या आम्लांपैकी एकाला जवळपास जिऱ्यासारखाच वास असतो, आणि परफ्यूमवाले जिरं घालतात ते याचसाठी, गुलाब फुलदाणीतला न वाटता माणसाच्या अंगावरचा वाटावा म्हणून. थंडीत ते जिरं लाकडाच्या मागे राहतं. मे महिन्यात, बंद पडलेल्या एसीखाली, माझ्या अंगावर ते एकटंच पुढे आलं असणार. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, "हा घाम नाही, परफ्यूम आहे." पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, कुठलं परफ्यूम, आणि त्याचं उत्तर गुलाब. त्या खोलीत, त्या दोघांसमोर, मला गुलाब हा शब्द उच्चारता आला नाही. मी "सॉरी" म्हणालो. "लक्षात ठेवीन" म्हणालो. मुलगी म्हणाली "थँक्यू फॉर अंडरस्टँडिंग" आणि मी वही घेऊन बाहेर आलो, वहीत काहीच लिहिलं नव्हतं.

वॉशरूममध्ये जाऊन हँडवॉशने मनगट घासलं, मान घासली, कॉलर ओली झाली. परत जागेवर जाऊन बसलो तर शेजारच्या मुलाने खुर्ची जरा सरकवली, कदाचित सहज सरकवली असेल, मला आजही माहीत नाही. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये जागा असूनही दाराजवळ उभा राहिलो, हात खाली धरून, दांडी न पकडता, कारण हात वर केला तर. वाकडपर्यंत तसाच होतो.

घरी येऊन बाटली कपाटात सगळ्यात मागे ठेवली, डांबराच्या गोळ्यांच्या डब्यामागे, नावाची बाजू भिंतीकडे करून. अडीच वर्षं ती तिथेच होती.

तर जे मला म्हणतात की तू हे बंड म्हणून लावतोस, त्यांना सांगायचंय की ज्या दिवशी बंड करायची वेळ होती त्या दिवशी मी सॉरी म्हणालो होतो.

आता दुसरी बाजू. त्या काळात मी मनातल्या मनात खूप भांडलो त्या दोघातिघांशी. यांना नाक नाही, यांचं आयुष्य मॉलमधल्या निळ्या बाटलीतल्या वासावर गेलंय, यांना चांगला वास कळतच नाही, असलं सगळं. मित्रांनाही हेच ऐकवलं. आज ते मला पटत नाही. त्यांना जो वास आला तो आलाच होता, माझ्या बाटलीची किंमत त्यांनी का हुंगावी? आणि खोटं का बोलू, मे महिन्यात हे माझ्या अंगावर घामासारखंच येतं. मी मुद्दाम एकदा शर्टावर आणि हातावर वेगवेगळं मारून तासाभराने बघितलं. शर्टावर गुलाब, हातावर घाम.

आणखी एक गोष्ट आहे जी मी कुणाला सांगितलेली नाही. होस्टेलला पहिल्या वर्षी माझ्या रूमवर एक मुलगा होता, डोक्याला भरपूर तेल, दोनच शर्ट, खोलीत त्याचा वास भरून राहायचा. मी वॉर्डनना सांगून रूम बदलून घेतली. त्याला समोरासमोर काही बोललो नाही, पण त्याला कळलं असणारच, त्याने माझी ट्रंक उचलायला मदत केली. मीटिंग रूममधून बाहेर आल्यावर मला तो आठवला. तेव्हा माझं नाक चुकलं होतं का? नव्हतं. मग त्या दोघातिघांचं कसं चुकलं म्हणू?

म्हणून "का लावतोस" याचं एक असं उत्तर माझ्याकडे नाही. वडील गेले २०२०च्या डिसेंबरमध्ये. आवराआवरी करताना त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात कुपी सापडली, तळाला थेंबभर अत्तर होतं, घट्ट झालेलं. ते हुंगलं आणि कपाटातून माझी बाटली काढली. दोन्ही वास सारखे नाहीत, अजिबात नाहीत, त्यांचा गोड आणि चंदनी, माझा कोरडा आणि तिखट. तरी लावलं. तेव्हापासून थंडीत रोज लावतो, उन्हाळ्यात फक्त रविवारी, घरी. बायकोला गुलाब आवडतो, जिरं आवडत नाही, ती स्पष्ट सांगते आणि मला ते बरं वाटतं. कधीकधी तीही लावते, तिच्या अंगावर जिरं येतच नाही, नुसता गुलाब आणि धूप, आणि याचा मला हेवा वाटतो.

आणि वडिलांना ते आवडलं असतं का? ते म्हणाले असते, अत्तरात जिरं कशाला? मी काही उत्तर देऊ शकलो नसतो.

नवीन कंपनीत या सोमवारी क्लायंट येणार होते. सकाळी निघताना दोन्ही मनगटांवर एकेक स्प्रे मारला, बूट घातले, दाराशी आलो, परत आत गेलो आणि उजवं मनगट साबणाने धुतलं. हस्तांदोलन उजव्या हाताने करतात. डावं तसंच ठेवलं.