क्लीव्हॉरची प्रगती: काळा दगड मिळाला, कुऱ्हाडी आल्या, आता पाल्डिया

'पोकेमॉन लेजेंड्स: आर्सिअस' पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतलाय आणि या वेळी उद्दिष्ट एकच आहे. टीम क्लीव्हॉर या दगडी कुऱ्हाडीवाल्या पोकेमॉनभोवती बांधायची. आधी त्याला जमवायचं, मग इतर पाच जण त्याच्या सोयीने निवडायचे. आजवरची प्रगती अशी: क्लीव्हॉर हातात आहे, हिसुईतली (म्हणजे या गेमच्या प्रदेशातली) त्याची तयारी जवळजवळ पूर्ण आहे आणि त्याचा एक जोडीदार, दुसरा क्लीव्हॉर, 'होम' या पोकेमॉन एका गेममधून दुसऱ्यात नेणाऱ्या सेवेमार्गे पाल्डिया प्रदेशातल्या 'स्कार्लेट' या गेममध्ये पाठवून तिथे चाचण्या सुरू केल्यात. ज्यांनी सायथर (क्लीव्हॉरचं आधीचं रूप) पकडून ठेवलाय पण त्याचं काय करायचं हे ठरलेलं नाही, त्यांच्यासाठी ही नोंद सविस्तर लिहितेय.

सुरुवात वनस्वामीपासूनच करावी लागते. ऑब्सिडियन फील्डलँड्समधल्या ग्रँडट्री अरीनात वेडापिसा झालेला क्लीव्हॉर, म्हणजेच हा वनस्वामी, या गेममधला पहिला 'नोबल' (आपल्या भागाचा स्वामी असलेला पोकेमॉन). गेम जानेवारी 2022 मध्ये आला तेव्हा पोकेमॉन आपल्यावर, म्हणजे खुद्द खेळाडूवर, धावून येतो ही कल्पनाच नवी होती आणि ती ठसवण्याचं काम या कीटकाकडे दिलं होतं. पर्ल टोळीचा लियान हा त्याचा रखवालदार, वयाने लहान पोरगा, आणि समोर उभा 1.8 मीटर उंच, 89 किलो वजनाचा, दोन्ही हातांच्या जागी दगडी कुऱ्हाडी असलेला प्राणी. नीट माहीत असूनही तो पहिल्यांदा झेपावतो तेव्हा अंगठा आपसूक बटणावर घट्ट होतो.

लढत पुन्हा करताना एक गोष्ट स्पष्ट झाली. पहिल्या वेळी बहुतेक जण मिळेल त्या क्षणी त्याच्या आवडत्या खाद्यापासून केलेल्या पिशव्या फेकत राहतात. त्याऐवजी आधी नुसतं पळायचं आणि लोळण घ्यायची. त्याचे वार ओळखीचे झाले की प्रत्येक वारानंतरची उघडी जागा दिसू लागते. त्या फटीत दोन-तीन पिशव्या, पुन्हा दूर. तो अडखळला की पोकेमॉन पाठवून त्याला हरवायचं, आणि मग तो सुन्न असतो तेवढा वेळ जवळ जाऊन हात थांबवायचा नाही. खरं काम त्या सुन्न वेळात होतं. हरलात तरी लढत जिथे थांबली तिथून पुढे सुरू करता येते, त्यामुळे नवख्यांनी घाबरून आधी लेव्हल वाढवत बसायची गरज नाही.

वनस्वामी पकडता येत नाही. आपला क्लीव्हॉर आपणच घडवायचा, सायथरपासून. लढत संपल्यावर त्याच ग्रँडट्री अरीनात सायथर फिरताना दिसतात. सायथर स्वभावाने आक्रमक आहे. त्याने तुम्हाला पाहिलं की फेकलेला चेंडू तो उडवून लावतो आणि मग लढण्यावाचून पर्याय राहत नाही. मी उंच गवतातून वाकून मागे जाते आणि हेवी बॉल पाठीवर मारते. हेवी बॉल फार लांब जात नाही, त्यामुळे जवळ जाणं आलंच. पण ज्याने आपल्याला बघितलेलं नाही अशा पोकेमॉनवर तो जितका परिणाम करतो तितका साधा बॉल करत नाही. तो बनवायला एक एप्रिकॉर्न आणि एक काळा टम्बलस्टोन लागतो. काळे टम्बलस्टोन दिसतील तिथे उचलून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतात. एकाच सायथरवर थांबू नका. माझ्याकडे आता चांगला साठा आहे, कारण एकाला सायझर (सायथरचं दुसरं उत्क्रांत रूप) करायचंय, एकाला क्लीव्हॉर, एक सायथर म्हणूनच ठेवायचाय, आणि पोकेडेक्सचं (पोकेमॉनच्या नोंदवहीचं) पान 10 पर्यंत न्यायला पकडण्याची कामंही होतात.

आता दगड. सायथरचा क्लीव्हॉर करणारा ब्लॅक ऑग्युराइट मिळण्याच्या वाटा बऱ्याच आहेत आणि सगळ्यांत सोपी वाट कोणती यावर मत प्रत्येकाचं वेगळं. स्पेस-टाइम डिस्टॉर्शन, म्हणजे आकाशात जांभळा घुमट तयार होतो त्याच्या आत जमिनीवर वस्तू पडतात, त्यांत तो असू शकतो. खनिजांच्या ढिगाऱ्यांतून निघतो. क्रिमसन मायरलँड्समध्ये अर्सालुना ही स्वारीची पोकेमॉन मिळाल्यावर तिच्या पाठीवर बसून जमिनीतला खजिना उकरताना सापडतो. आणि हे सगळं नको असेल तर इतर खेळाडूंच्या हरवलेल्या झोळ्या शोधून मिळणारे मेरिट पॉइंट जुबिलाइफ गावात सिमोनाकडे देऊन थेट घेता येतो. मला शेवटची वाट आवडते. डिस्टॉर्शनमध्ये चहूबाजूंनी चिडलेले पोकेमॉन अंगावर येत असताना वस्तू गोळा करण्यात मजा आहेच, पण एका ठरावीक दगडासाठी तिथे ताटकळणं मला पटत नाही. झोळ्या तर इकडे तिकडे फिरतानाच मिळत जातात.

दगड वापरण्याआधी थोडं थांबून आकडे बघण्यासारखे आहेत. सायथर, सायझर आणि क्लीव्हॉर, तिघांचीही मूळ आकड्यांची बेरीज 500 च आहे. उत्क्रांतीने एकही गुण वाढत नाही, फक्त वाटणी बदलते. सायथरचा हल्ला 110, बचाव 80, वेग 105. सायझरचा हल्ला 130, बचाव 100, वेग 65. क्लीव्हॉरचा हल्ला 135, बचाव 95, वेग 85. तिघांची एचपी (जीवशक्ती) 70 च. म्हणजे हल्ल्यात क्लीव्हॉर सर्वांत पुढे, आणि वेगात तो दोघांच्या बरोबर मध्ये. विशेष हल्ल्यांविरुद्धचा बचाव मात्र 80 वरून 70 वर येतो, आणि ही त्याची खरी दुखरी बाजू. पाण्याचे विशेष हल्ले त्याला फार लागतात.

टाइपचा हिशेबही उलटापालटा होतो. सायथर बग आणि फ्लाइंग, त्यामुळे दगडी हल्ला त्याच्यावर चौपट. क्लीव्हॉर बग आणि रॉक, तिथे तोच हल्ला दुप्पटच. आग, बर्फ, वीज, हवाई हल्ले या सायथरच्या चारही भीती निघून जातात आणि त्यांच्या जागी पाणी आणि पोलाद येतात. कमजोऱ्या तीनच: पाणी, दगड, पोलाद. बग-रॉक ऐकल्यावर वाटतं त्यापेक्षा हे बरंच सुटसुटीत आहे.

काळ्या दगडाबद्दल थोडं विषयांतर करते, कारण क्लीव्हॉर मला आवडतो त्यामागे हे मोठं कारण आहे. हिसुई म्हणजे जुना सिन्नोह (आधीच्या पोकेमॉन गेममधला प्रदेश) आणि सिन्नोह म्हणजे जपानचं होक्काइडो. तिथल्या शिराताकी परिसरात ज्वालामुखीची काळी काच, ऑब्सिडियन, प्रचंड प्रमाणात सापडते. लाव्हा इतक्या भरकन थंड होतो की स्फटिक तयार व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून हा दगड फुटला की शिंपल्यासारखे वक्र पापुद्रे सुटतात आणि कडा पात्यासारखी धारदार निघते. पुराश्मयुगातल्या माणसांनी तिथे याची पाती आणि टोकं घडवली, आणि तिथला दगड पार सखालिनपर्यंत पोचला. शिराताकीच्या या अवजारांना 2023 मध्ये जपानने राष्ट्रीय संपदेचा दर्जा दिला. गेममध्ये ऑग्युराइटचं वर्णनही असंच आहे, काचेसारखा काळा आणि फुटल्यावर धार येणारा. पहिल्याच भूप्रदेशाच्या नावात ऑब्सिडियन आहे, आणि तिथला स्वामी हातात दगडी कुऱ्हाडी घेऊन उभा आहे. प्रवरेकाठी नेवाशाला सापडलेली अश्मयुगीन अवजारं ज्यांनी पाहिलीत त्यांनी क्लीव्हॉरच्या कुऱ्हाडीची कडा मोठी करून बघावी. टवके काढून केलेली ओबडधोबड धार लगेच ओळखू येते. डिझाइन करणाऱ्यांनी दगड कसा फुटतो हे मन लावून पाहिलंय.

तर, दगड वापरला. उत्क्रांतीचा प्रसंग या गेममध्ये आपण निवडू तेव्हाच होतो, हे मला फार आवडतं. पुढची तयारी ग्रिटची, म्हणजे पोकेमॉनचे आकडे वाढवणाऱ्या वस्तूंची. डस्टने एफर्ट लेव्हल 3 पर्यंत, ग्रॅव्हलने 6 पर्यंत, पेबलने 9 पर्यंत आणि शेवटची पायरी रॉकने. हल्ला 10 वर नेलाय, वेगही 10 वर, एचपीचं काम चालू आहे. जास्तीचे पकडलेले सायथर मोकळे सोडल्यावर ग्रिट मिळतं, त्यामुळे वर म्हटलेला साठा इथेही कामी आला.

आणि आता स्टोन अ‍ॅक्स. ही चाल त्याची स्वतःची. हिसुईत तिची ताकद 65 आहे. एवढ्या मोठ्या कुऱ्हाडीला 65 म्हणजे अनेकांना कमी वाटतं आणि ते एक्स-सिझर घेऊन मोकळे होतात. पण वार झाल्यावर दगडाच्या कपच्या शत्रूच्या अंगात रुततात आणि पुढच्या काही फेऱ्या त्याला टोचत राहतात. अल्फांविरुद्ध, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या आणि ताकदवान पोकेमॉनविरुद्ध, मी आधी अ‍ॅजाइल स्टाइलने स्टोन अ‍ॅक्स मारते. तिने ताकद थोडी घटते, पण पुढची पाळी लवकर येण्याची शक्यता वाढते, आणि कपच्या तर रुततातच. मग स्ट्राँग स्टाइलने दुसरी चाल. कपच्यांनी कुरतडलेला शत्रू त्या मोठ्या वाराच्या टप्प्यात येतो. क्लीव्हॉरची ताकद एका वारात मोजायची नाही, वार आणि त्यानंतर मागे राहिलेले तुकडे असे दोन्ही धरून मोजायची. माझी सगळी टीम आता याच विचारावर उभी राहतेय.

पाल्डियात हा विचार आणखी पक्का झाला. 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मध्ये स्टोन अ‍ॅक्स लागला की समोरच्या बाजूला स्टेल्थ रॉक पसरतो, म्हणजे मैदानात येणाऱ्या पोकेमॉनला टोचणारे दगड. ताकद 65, अचूकता 90. साध्या स्टेल्थ रॉकला एक अख्खी पाळी खर्ची घालावी लागते. इथे मारही बसतो आणि दगडही पसरतात. शिवाय ही हल्ल्याची चाल असल्याने टॉन्ट (हल्ला नसलेल्या चाली बंद करणारी चाल) तिला थांबवू शकत नाही, मॅजिक बाउन्स (अशा चाली उलट फेकणारा अंगभूत गुण) परतवू शकत नाही. मॅजिक बाउन्सवाल्या हॅटरीनसमोर दगड पसरवता येणं हे ज्यांनी सिंगल्स (एकास एक पोकेमॉनच्या लढती) खेळलंय त्यांना वेगळं सांगायला नको. एकदा दगड पडले की व्होल्करोना किंवा चॅरिझार्डसारख्यांची मैदानात पाऊल टाकताच अर्धी एचपी जाते.

अ‍ॅबिलिटीबाबत, म्हणजे पोकेमॉनच्या अंगभूत गुणाबाबत, माझं मत ठाम आहे: शार्पनेस. अ‍ॅबिलिटी पॅच (ती मिळवून देणारी वस्तू) खर्च करावा लागतो, पॅच मिळवायला वरच्या दर्जाच्या टेरा रेड (गटाने खेळायच्या लढती) खेळाव्या लागतात, तरीही शार्पनेसच. कापणाऱ्या चालींची ताकद ती दीडपट करते आणि स्टोन अ‍ॅक्स, एक्स-सिझर दोन्ही कापणाऱ्या चाली आहेत. 65 चे 97 च्या वर जातात, त्यावर स्वतःच्या टाइपचा दीडपट बोनस वेगळा. शीर फोर्स या त्याच्या दुसऱ्या गुणानेही स्टोन अ‍ॅक्सचा मार वाढतो, पण मग दगड पसरतच नाहीत. ज्यासाठी क्लीव्हॉर घेतला तेच गमावायचं, हा सौदा मला मान्य नाही.

वस्तूंमध्ये सध्या वेग दीडपट करणारा चॉइस स्कार्फ चालवतेय. लेव्हल 50 ला वेग वाढवणारा जॉली स्वभाव आणि वेगाला पूर्ण गुण दिले तर वेग 150 होतो, स्कार्फने 225. पूर्ण वेगाचा ड्रॅगापल्ट 213 वर थांबतो, म्हणजे तोही मागे. पहिल्याच फेरीत त्याच्या आधी वार आणि दगड, दोन्ही. चालींमध्ये स्टोन अ‍ॅक्स, एक्स-सिझर, क्लोज कॉम्बॅट आणि यू-टर्न. फोकस सॅश (पूर्ण एचपी असताना एक जीवघेणा वार सोसू देणारी वस्तू) लावून स्वोर्ड्स डान्स या हल्ला वाढवणाऱ्या चालीचा प्रकारही करून पाहिला. तो चालतो तेव्हा जबरदस्त चालतो, पण सॅश शाबूत असेल तरच, आणि समोरच्याने आधी दगड टाकले तर क्लीव्हॉरची स्वतःची चतुर्थांश एचपी आत येतानाच जाते.

अडथळा एकाच नावाचा आहे, ग्रेट टस्क. ग्राउंड आणि फायटिंग असल्याने स्टोन अ‍ॅक्स त्याला पाव मार देते, एक्स-सिझर अर्धा, आणि वर तो रॅपिड स्पिनने सगळे दगड झाडून टाकतो. त्यासाठी जोडीला घोल्डेंगो घेतलाय. तो घोस्ट असल्याने रॅपिड स्पिन त्याला लागतच नाही, आणि त्याची गुड अ‍ॅज गोल्ड ही अंगभूत खुबी कॉर्व्हिनाइटचा दगड झाडणारा डिफॉगही अडवते. टस्कच्या अर्थक्वेकपासून मात्र घोल्डेंगोला जपावं लागतं, म्हणून तिसरी जागा पाण्याच्या एखाद्या टणक पोकेमॉनला द्यावी लागेल असं दिसतंय. डबल्समध्ये (दोन-दोन पोकेमॉनच्या लढतींत) लोक फारसे स्विच करत नाहीत, म्हणजे पोकेमॉन बदलत नाहीत, तिथे या दगडांचा उपयोग कमी. मी तिकडे वळणार नाही.

पुढच्या टप्प्यात दोन कामं. हिसुईतल्या क्लीव्हॉरची एचपी 10 वर नेऊन, फेब्रुवारी 2022 च्या 'डेब्रेक' अपडेटमध्ये आलेल्या स्वप्नातल्या लढतींत वनस्वामीशी पुन्हा भिडायचं, या वेळी माझ्या स्वतःच्या क्लीव्हॉरला त्याच्यासमोर उभं करून. आणि पाल्डियात घोल्डेंगोसोबतच्या तिसऱ्या जागेसाठी डोंडोझो की टोक्सापेक्स, हे रँक्ड सिंगल्समध्ये दोघांनाही खेळवून ठरवायचं. सध्या माझा कल डोंडोझोकडे आहे, कारण टस्कचा अर्थक्वेक तो निवांत सोसतो.