शिवण फिरली, अक्षरं नाही

एम्ब्रॉयडरी बिघडली की पहिला संशय मशीनवर येतो. त्या दिवशीही तसंच झालं. एका बँड पथकाचे प्रमुख धुतलेल्या पँट घेऊन आले आणि टेबलावर पसरत म्हणाले, "ताई, हे बघा. एका पायावरची अक्षरं पुढे आलीत, दुसऱ्यावरची मागे गेलीत. तुमची फ्रेम हलली असणार."

कापड गडद निळं सुती ट्विल, म्हणजे तिरप्या रेघांच्या विणीचं होतं. बाहेरच्या शिवणीलगत पथकाचं नाव उभं भरलेलं. शिवलेल्या पँटच्या पायात कापड पकडून धरणारी ही फ्रेम नीट बसत नाही, म्हणून आम्ही कापलेल्या तुकड्यांवर आधी भरतकाम केलं होतं आणि मग ते टेलरकडे गेले होते.

फ्रेम हलली असती, तर अक्षरांची ओळ शिवणीपासून तिरकी गेली असती. मी टेप लावली. वर, मध्ये, खाली, सगळीकडे अंतर सारखंच. म्हणजे अक्षरं जागेवरच होती, शिवणच त्यांना घेऊन फिरली होती. दोन्ही पाय एकाच दिशेने पिळले गेले, म्हणून एकाची शिवण पुढे आली आणि दुसऱ्याची मागे. मशीनच्या चुकीने असं घडू शकत नाही. साहेबांनी टेप माझ्याकडून घेऊन स्वतः मोजलं. ते बरंच झालं.

साध्या विणीत आडवा धागा एकावरून, एकाखालून जातो, त्यामुळे ताण दोन्हीकडे सारखा राहतो. ट्विलमध्ये ही वीण प्रत्येक ओळीला एक घर सरकते. त्यातूनच ती तिरपी रेघ उमटते, पण ताणही एकाच बाजूला झुकतो. कारखान्यात कापड ओढून सरळ केलेलं असतं. पाण्यात गेलं की ते मूळ कलावर जातं. जीन्सवाल्यांना ही डोकेदुखी जुनीच आहे. रँगलर या जीन्स कंपनीने 1964 मध्ये ब्रोकन ट्विल घेतलं ते याच पिळावर उपाय म्हणून. त्यात रेघेची दिशा मध्येच उलटवतात.

दुसरी तक्रार अक्षरांभोवतीच्या चुण्यांची होती. उरलेल्या कापडावर 50 सेंटीमीटरचा चौकोन आखून तो त्यांच्या लाँड्रीच्या पद्धतीने, गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये वाळवला. उभी बाजू 48 वर आली आणि चौकोनाचे कोपरेही कलले. सुती कापड आटलं, पॉलिएस्टरचा दोरा आटला नाही, मग दाट टाक्यांशेजारी कापड गोळा होणारच. कोपरे बघितल्यावर फ्रेमचा विषय संपला.

"मग ट्विल घेऊच नये का?" त्यांनी विचारलं. उलट, गणवेशाला माझी पहिली पसंती तीच. वीण घट्ट असते, फ्रेममध्ये कापड ताणलं जात नाही, दाट लोगो पेलतं आणि मळही लवकर दिसत नाही. फक्त बारीक अक्षरं त्या रेघांमध्ये बुडतात. म्हणून खाली आधाराचे टाके घालायचे आणि वरच्या टाक्यांची दिशा रेघेला छेदणारी ठेवायची. पंचिंग, म्हणजे मशीनसाठी टाक्यांचं डिझाइन, करणारे पुष्कळ जण हे विसरतात, मग अक्षराची कड करवतीसारखी दिसते.

पिळलेल्या पँट सरळ करण्याचा खात्रीचा इलाज माझ्याकडे नव्हता, तसं सांगून टाकलं. चुण्या मात्र बऱ्याच बसल्या: खाली जाड टॉवेल, त्यावर भरतकाम पालथं, उलट्या बाजूने वाफेची इस्त्री. सुलट बाजूने दाबली की टाके चपटे होतात.

लाँड्रीसाठी चिठ्ठी लिहून दिली. पँट उलटी करून थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवा. ब्लीच नको, पिळायचं नाही, ड्रायर बंद, सावलीत वाळवा. कोटांच्या बाह्यांवर रेयॉनचा दोरा होता, चिठ्ठीत त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या, कारण रेयॉन ओला झाला की कमजोर पडतो. तिथे ब्रश घासला तर टाके तुटतात.

पुढच्या खेपेला सॅन्फोराइज्ड, म्हणजे कारखान्यातच आधी आटवलेलं, कापडच घ्या आणि तेही कापण्याआधी एकदा धुऊन घ्या, असं सांगितलं. त्यांनी ऐकलं. कापडवाल्याशी काय ठरलं ते कळलं नाही, पण नवे तुकडे आले ते धुतलेले. टेलरने त्यांतले काही मात्र उलट बाजूने कापले होते, ते तसेच परत पाठवले.