नोकरीच्या नावाखाली आधार-पॅन देऊन बसल्यावर मी काय काय केलं

ऑफर लेटर खोटं आहे हे लक्षात आल्यावर मी आधी कागद-पेन घेतलं. समोरच्याला काय काय दिलं, कोणत्या तारखेला, व्हॉट्सॲपवर की ईमेलने, हे एकाखाली एक लिहिलं. आधारच्या दोन्ही बाजू, पॅन, हातात आधार धरून काढलेला सेल्फी, कॅन्सल्ड चेक, सही केलेला करारनामा. ‘सगळंच गेलं’ म्हणत बसलं की हात चालत नाहीत. पासवर्ड बदलता येतो, कार्ड बंद करता येतं. आधार आणि पॅनचे क्रमांक मात्र तेच राहतात, म्हणून त्यांना शक्य तिथे कुलूप लावायचं आणि पुढे वर्षभर नजर ठेवायची.

माझे पैसे गेले नव्हते. ज्यांनी नोंदणी फी भरली आहे किंवा ओटीपी सांगितला आहे, त्यांनी यादी बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन लावावा आणि लगेच बँकेला कळवावं. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवला तरच हाती लागतो, त्यामुळे इथे एकेक मिनिट मोलाचं आहे. यूटीआर (प्रत्येक व्यवहाराला बँक देते तो ओळख क्रमांक), रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, ओटीपी तुम्हीच दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं. म्हणून फोनवर तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तेच ईमेलनेही पाठवा.

समोरच्याने ‘एचआर ॲप’ म्हणून एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून थेट टाकायचं ॲप) टाकायला लावली असेल, तर फोन फ्लाइट मोडवर टाका आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. असली ॲप्स येणारे एसएमएस परस्पर पुढे पाठवतात. त्याच फोनवर पासवर्ड बदलला तर नवा ओटीपीही त्यांच्याकडेच जातो. मग महत्त्वाचं तेवढं काढून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करावा.

मी चॅट पुसलं नाही. नंबर मी ‘एचआर’ नावाने सेव्ह केला होता, त्यामुळे स्क्रीनशॉटमध्ये फक्त नाव दिसत होतं. प्रोफाइल उघडून नंबरासकट पुन्हा स्क्रीनशॉट काढले, चॅट एक्स्पोर्ट केलं आणि मगच ब्लॉक केलं. हे सगळं जोडून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेले नसले तरी तक्रार करायचीच. उद्या तुमच्या पॅनवर कुणी कर्ज काढलं, तर तारखेची ही पोचपावतीच तुमच्या बाजूने बोलते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दल आहे आणि ६६डी संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. अर्जात दोन्हींचा उल्लेख केला.

आधारसाठी मायआधार पोर्टलवर जाऊन बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे वापरून होणारी तपासणी, लॉक केलं. कार्डाच्या फोटोत बोटांचे ठसे नसतात, मग हे कशाला? आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढ्यावर आधार-आधारित पेमेंटमधून पैसे निघतात, आणि जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरून ठसे उचलल्याच्या घटना घडल्या आहेत. स्वतःला ठसा द्यायचा असेल तेव्हा लॉक तात्पुरता उघडावा लागतो. सिमकार्ड घ्यायला जाण्याआधी हे आठवलं नाही तर ‘ठसा जुळत नाही’ म्हणून खेटे पडतात. तिथेच ऑथेंटिकेशन हिस्टरी आहे. मागच्या सहा महिन्यांत तुमचा आधार कुठे, कधी आणि ओटीपीने की ठशाने तपासला गेला, ते दिसतं. मी एकेक ओळ वाचली. अनोळखी संस्थेचं नाव दिसलं तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर कळवायचं.

संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते कळतं. आपला नसलेला नंबर दिसला की ‘माझा नंबर नाही’ निवडायचं. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण बहुतेकांना माहीतच नसतं.

पॅनची बाजू सगळ्यात चिवट. पॅन आणि सेल्फी हातात असला की झटपट कर्जासाठी अर्ज करण्याचा प्रयत्न होऊ शकतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या आपल्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. चारही एकदम काढू नका. मी एक लगेच काढला आणि पुढचे तीन दर तीन महिन्यांनी, म्हणजे वर्ष झाकलं जातं. अहवालात आधी ‘एन्क्वायरी’चा भाग बघा, कारण कर्ज खात्यात दिसण्याआधी अर्जाची चौकशी तिथे उमटते. अनोळखी नोंद दिसली तर कर्ज देणारी संस्था आणि क्रेडिट कंपनी दोघांनाही लेखी कळवा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. आयकर पोर्टलवर एआयएस, म्हणजे आपल्या पॅनवर नोंदलेल्या उत्पन्नाचं आणि व्यवहारांचं वार्षिक विवरण पाहिलं: माहीत नसलेल्या कंपनीचा ‘पगार’ तिथे दिसू शकतो. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून शोधलं, की त्यावर कुणी नोंदणी केली आहे का तेही कळतं.

नुसत्या खाते क्रमांकावरून पैसे काढता येत नाहीत. मला जास्त काळजी होती ती पैसे येण्याची. दुसऱ्या कुणाला फसवून काढलेली रक्कम तुमच्या खात्यात टाकतात आणि ‘चुकून आले, परत पाठवा’ म्हणतात. पाठवलीत की साखळीत तुमचं नाव लागतं आणि खातं गोठतं. रकमेला हात न लावता बँकेला लेखी कळवा. नॅच मँडेटची, म्हणजे खात्यातून हप्ते आपोआप कापायला दिलेल्या परवानग्यांची यादीही एकदा बघून घ्या.

करारनाम्याने माझी झोप उडवली होती. डेटा एंट्रीच्या फसवणुकीत हे हमखास होतं: काम ‘चुकलं’ म्हणतात, मग कुणी वकील बनून दंड मागतो, कोर्टाचा शिक्का असलेली पीडीएफ येते आणि आज संध्याकाळपर्यंत यूपीआयने भरा असं सांगतात. कोर्ट फोनवरून यूपीआयने तडजोड मागत नाही. एकदा भरलं की मागणी वाढतच जाते. अशी प्रत्येक नोटीस मी तक्रारीच्या फाइलला जोडली आणि पोलिस ठाण्यात दाखवली.

ईमेलचा पासवर्ड बदलून मी सगळीकडून लॉगआउट केलं, पण तेवढ्यावर थांबलो नाही. सेटिंगमध्ये आपले मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर वळवणारे फॉरवर्डिंग आणि फिल्टरही तपासले. पासवर्ड बदलला तरी तिथे घुसवलेला पत्ता तसाच राहतो. व्हॉट्सॲपचे लिंक्ड डिव्हाइसेस पाहिले, सहा आकडी पिन लावला. ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग काढून टाकलं. फोनची रेंज अचानक गेली आणि बराच वेळ आली नाही, तर आपल्या नंबरचं सिम दुसऱ्या कुणी काढल्याची शक्यता धरून लगेच मोबाइल कंपनीला गाठायचं.

यानंतर ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची केस आमच्याकडे आली आहे, फाइलसाठी थोडी फी लागेल’ असे फोन येतात. गेलेली माहिती पुढे विकली जाते, म्हणून त्यांना तुमचं नाव, पॅन सगळं ठाऊक असतं. मी फोन ठेवतो आणि पोचपावतीचा क्रमांक टाकून तक्रारीची स्थिती पोर्टलवर स्वतः पाहतो.