शेवटच्या पानावर काय टांगते ठेवावे

देवगड, जुलै. रात्री उशिरा.

मालिकेतल्या दुसऱ्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण आज दोन निरनिराळ्या रीतींनी लिहून पुरे झाले आहे, आणि त्यांतले कोणते छापायला द्यायचे याचा निर्णय या वहीतच करावा, असे ठरवून बसलो आहे.

पहिल्या मसुद्यात मे महिन्याची अखेर आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे शेवटची फेरी आटोपून एकेक नौका बंदरात येते आहे; नायिकेचा भाऊ जिच्यावर तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, आहे, ती तेवढी आलेली नाही. वारा उठलेला, खाडीच्या मुखाशी लाटा फुटत असलेल्या, वायरलेसवर नुसती खरखर आणि जेटीवर ती एकटी. तेथेच पुस्तक संपते. वाचताना अंगावर काटा येतो, हे खरे. परंतु या पुस्तकाने पहिल्या प्रकरणापासून धरून ठेवलेला प्रश्न वडिलांची नौका कोणी जाळली हा आहे, आणि भाऊ बुडाला की वाचला याचा त्या प्रश्नाशी काडीचाही संबंध नाही. इतकी पाने सोबत चाललेल्या वाचकाला ठरलेले उत्तर न देता ऐनवेळी वादळ दाखवणे, ही त्याची फसवणूक आहे असे मला मनापासून वाटते.

साप्ताहिकातली गोष्ट वेगळी असे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यातून त्यांच्या कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने वाचकांपुढे आल्या. तेथे अडलेला श्वास पुढच्या अंकात सुटणार, याची वाचकाला खात्री होती. पुस्तकांच्या मालिकेत पुढचा भाग यायला वर्ष लागते, दोन लागतात. एवढ्या काळात वाऱ्याची दिशा, वायरलेसवरचा निरोप, कोण कोठे उभे होते हे सारे वाचक विसरून जातो. त्याच्या मनात उरतात ती माणसे आणि त्यांच्यात पडलेला पेच. म्हणून पुस्तक टांगते ठेवायचेच असेल, तर ते माणसांमधल्या पेचावर टांगावे.

शेरलॉक होम्सचे उदाहरण या संदर्भात मला फार शिकवणारे वाटते. कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये त्याला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात लोटले ते कायमचे संपवण्यासाठीच. आणि तरीही १९०३ मध्ये तो परतला, तेव्हा आधी छापलेली एक ओळही खोडावी लागली नाही, कारण वॉटसनने त्याला पडताना पाहिलेले नव्हते आणि मृतदेहही कोणाला सापडलेला नव्हता. छापलेले वाक्य मागे घेता येत नाही. शेवट लिहिताना काय दाखवले आणि काय दाखवले नाही, याचा हिशेब म्हणूनच काटेकोर असावा लागतो.

आपल्याकडच्या देवळांत सप्ताहातले कीर्तन ऐकत वाढलेल्याला याचा एक घरचा दाखलाही ठाऊक असतो. बुवा उत्तररंगात, म्हणजे कथेच्या भागात, आख्यान कितीही रंगवोत, उठण्यापूर्वी पूर्वरंगातल्या, म्हणजे सुरुवातीच्या निरूपणातल्या, मूळ पदावर येतातच. आख्यानाचा पुढचा भाग उद्यावर राहिला तरी त्या रात्रीचे पद त्याच रात्री पुरे होते. मालिकेतल्या प्रत्येक पुस्तकाने एवढे तरी पाळावे. तालुक्याच्या वाचनालयात पहिला भाग कोणीतरी नेलेला असतो आणि माणूस दुसरा भागच हाती घेऊन घरी जातो; त्यालाही एक पुरी कथा मिळाली पाहिजे.

दुसऱ्या मसुद्यात नौका सुखरूप येते. भाऊ नायिकेला बाजूला घेऊन सांगतो की वडिलांची नौका काकांनीच जाळली, आणि त्याचा पुरावाही तिच्या हाती देतो. ज्यांनी वडिलांमागे तिला वाढवले, शिकवले, तेच हे काका. ती घरी येते. काका ओटीवर बसलेले असतात, चहा मागतात, ती आणून देते. कप घेता घेता ते म्हणतात, “बाय गो, उद्या नवी होडी तुझ्या नावार करून टाकतंय.” येथे पुस्तक संपते. तिचे उत्तर मी लिहिलेले नाही.

या शेवटात वाचकापासून काहीही लपवलेले नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तिला जे माहीत आहे ते सारे त्यालाही माहीत आहे. जो निर्णय तिने अजून घेतलेला नाही, तेवढाच त्याच्यासाठी शिल्लक आहे. काकांचे ते बोलणे पश्चात्तापातून आले की तिचे तोंड बंद करण्यासाठी, हे त्यांच्या मागच्या वागण्यावरून दोन्ही बाजूंनी लावता येते, आणि तसे लावता यावे म्हणून सातव्या प्रकरणात त्यांचा आजारपणातला प्रसंग आधीच घातलेला आहे.

तेव्हा दुसराच मसुदा जाईल. मात्र तिसऱ्या भागाचे पहिले प्रकरण, म्हणजे तिने काकांना दिलेले उत्तर, हाती पुरते लिहून होईपर्यंत हे हस्तलिखित प्रकाशकांकडे पाठवणार नाही. ते लिहिताना या भागात एखादी ओळ आधी पेरायला हवी होती असे दिसले, तर ती घालायला अजून वाव आहे. काकांनी चहाचा घोट घेतला की नाही, हेही त्याआधी ठरवायचे आहे.