लो-कार्बनंतरचा पहिला पेरू

लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा आहार, सोडायचं ठरलं तेव्हा आई म्हणाली, "आता तरी भाकरी खा गं." मी आधी पेरू आणला. शंभर ग्रॅम पेरूत साधारण 14 ग्रॅम कर्बोदकं, त्यातले 5 ग्रॅम तंतूच (फायबर). केळ्यात तेच 23, आणि तंतू जेमतेम अडीच. फोडी केल्या, वर तिखट-मीठ भुरभुरलं. अंडी-पनीर खाऊन जीभ अशी झाली होती की तो अर्धाकच्चा पेरूही गोडमिट्ट लागला!

भाकरी पचली, मुगाच्या उसळीने मात्र पोट डब्ब. कडधान्यांची सवयच मोडली होती ना. मग मोड आणून, मऊ शिजवून, वाटीऐवजी दोन-चार चमचे घ्यायला लागले, तेव्हा कुठे निभावलं.

काटा लगेच किलोभर पुढे गेला. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली कर्बोदकं) पुन्हा साठतं, ते ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. चरबी नव्हे ती. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.)

हापूस आला की फोडीच खाणार, तेही जेवणाबरोबर. आमरस-पुरीचं अजून ठरत नाहीये.