एडिंबराच्या गल्लीतला हार्प्सिकॉर्ड, आणि एका पेटीवालीची चलबिचल

एडिंबरामध्ये सेंट सेसिलियाज हॉल शोधायचा तर एक लक्षात ठेवा, हे गाव दोन मजली आहे. साउथ ब्रिजवरून चालत असाल तर रस्ता म्हणून जे पायाखाली आहे तो खरं तर पूल असतो आणि हॉल राहतो खाली, निडरी स्ट्रीटचा उतार उतरून काउगेटच्या कोपऱ्यावर आलात की मग सापडतो. माझा भाचा तिथे मास्टर्स करतोय, दोन वर्षं त्याच रस्त्यानं जातो आणि त्याला पत्ता नाही. "मावशी, लोक किल्ला बघायला येतात, तू पेट्या बघायला आलीस?" म्हटलं, हो बाबा, पेट्याच.

हॉल १७६३ चा. तिथल्या म्युझिकल सोसायटीनं खास गाण्या-बजावण्यासाठी बांधून घेतलेला, वरच्या मजल्यावर लंबगोल दालन आणि डोक्यावर घुमट. मुद्दाम कॉन्सर्टसाठी म्हणून बांधलेला स्कॉटलंडमधला हा सगळ्यात जुना हॉल. पण मग १७८८ मध्ये तो पूल झाला आणि हॉलला अगदी खेटून उभा राहिला, बडी मंडळी न्यू टाउनात राहायला गेली, सोसायटी मोडली आणि या वास्तूत चर्च भरलं, शाळा भरली, पुढे तर चक्क डान्स हॉल चालला. १९५९ मध्ये युनिव्हर्सिटीनं ती विकत घेतली म्हणून वाचली. आता खाली-वर मिळून वाद्यांचं म्युझियम आहे, बासरीपासून बॅगपाइपपर्यंत बरंच काही, पण ते सगळं मी भराभर उरकलं. मी गेले होते पट्ट्यांच्या वाद्यांसाठी.

माझं म्हणाल तर मी पेटीवाली. भजनी मंडळात साथ, घरी मुलांना शिकवणं, एवढाच आवाका. पण पेटी वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक जुनी सल असते, की आपल्या वाद्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही. याच कारणावरून १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं होतं, ते आम्ही लोक अजून विसरलेलो नाही. त्यामुळे ज्यांनी पट्ट्यांची वाद्यं शेकडो वर्षं वाजवली त्यांनी या अडचणीचं काय केलं हे मला बघायचं होतं.

आम्ही गेलो त्या वेळी सुदैवानं डेमो चालू होता. शिकाऊच असावी, एक हसतमुख पोरगी वाजवून दाखवत होती. तिनं आधी हातात हार्प्सिकॉर्डचा, म्हणजे पट्ट्या दाबून वाजवायच्या त्या जुन्या तारवाद्याचा, जॅक दिला. जॅक म्हणजे वीतभर लांबीची, पातळशी लाकडी चीप, वरच्या टोकाला खाच, खाचेत एका खिळीवर हलणारी इवलीशी जीभ आणि जिभेतून बाहेर डोकावणारा कावळ्याच्या पिसाच्या देठाचा नखाएवढा तुकडा. बोटानं पट्टी दाबली की जॅक वर उचलला जातो आणि हे पीस तारेला छेडतं. खाली येताना जीभ मागे झुकते त्यामुळे पीस तारेला परत न छेडता सरकून जातं, मग मागे लावलेला डुकराचा राठ केस तिला स्प्रिंगसारखा पुन्हा जागेवर आणतो आणि जॅकच्या कडेला बसवलेला कापडाचा तुकडा तारेवर टेकून आवाज बंद करतो. बस. एवढ्यावर सगळं. अशी पिसं एका वाद्यात दीड-दोनशे असतात आणि झिजली की बसा कापत.

मला वाटायचं हार्प्सिकॉर्ड म्हणजे पियानोचा आजोबा. अजिबात नाही! पियानोत हातोडी तारेवर आपटते, इथे तार छेडली जाते, म्हणजे नातं लावायचंच तर सतारीशी लागेल. आणि छेडायचं काम पीस करतं त्यामुळे तुम्ही पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज जवळपास तेवढाच. पेटीतही बोटाच्या जोरानं काही होत नाही, पण आपल्याकडे डावा हात भात्यावर असतो, तिथून आपण आवाज फुगवतो, दाबतो, श्वास घेतो. यांच्याकडे तोही नाही. मग करतात काय? तर ती पोरगी टास्कँवर बसली (पास्काल टास्कँ, पॅरिसचा कारागीर, वाद्य १७६९ चं, जगभरात याच्या नकला बनल्यात) आणि फ्रेंच संगीतकार कूपराँची एक रचना वाजवली. बघा, सगळा खेळ वेळेचा. एखाद्या सुरावर वजन द्यायचं असेल तर त्याच्या आधी किंचित थांबायचं. चार सूर एकदम न छेडता झरझर एकामागून एक सोडायचे. एका सुरावरचं बोट पुढचा सूर लागला तरी थोडं रेंगाळू द्यायचं म्हणजे गुंजारव भरतो. आणि वर कण-मुरक्यांची लयलूट. शेजारी एक आजी डोळे मिटून ऐकत होत्या, भाचाही मोबाइल खिशात घालून उभा होता, हे विशेष. टास्कँच्या पट्ट्या पांढऱ्याच्या जागी काळ्या आणि काळ्याच्या जागी पांढऱ्या आहेत, ते बघून आधी डोकं गरगरतं, दोन मिनिटांत सवय होते.

पण पेटीवाल्यांनी ज्याच्यासमोर उभं राहावं ते वाद्य दुसरंच, १६३८ चं, अँटवर्पच्या योहानेस रुकर्सचं. रुकर्स घराणं म्हणजे हार्प्सिकॉर्डमधलं सगळ्यात मोठं नाव. याला पट्ट्यांच्या दोन ओळी आहेत आणि त्या एकमेकींच्या खाली सरळ नाहीतच, सरकवलेल्या आहेत. वरच्या ओळीत सा धरून वाजवलंत तेच खालच्या ओळीत वाजवा, सगळं गाणं बरोबर मध्यम-षड्जाच्या अंतरानं खाली उतरतं, तारा त्याच! म्हणजे आपली स्केलचेंजर पेटी की हो, तीही पावणेचारशे वर्षांपूर्वीची. गाणाऱ्याची पट्टी सांभाळायला हे केलं असावं असं म्हणतात, जे मला ताबडतोब पटलं कारण काळी चारच्या सुरात गाणाऱ्या बाई आणि काळी एकवाले बुवा एकाच कार्यक्रमात आले की काय होतं ते मी भोगलंय.

आणि यातली गंमत पुढे आहे. तेव्हा स्वर आजच्यासारखे समान अंतरावर लावत नसत, त्यामुळे एका ओळीला कोमल ग म्हणून लावलेली तार दुसऱ्या ओळीतल्या तिथल्या पट्टीला बेसूर लागायची. मग या लोकांनी काय केलं, तेवढ्या स्वरांसाठी वेगळ्या जादा तारा बसवल्या, थोड्या वेगळ्या सुरात लावायला. एवढ्या बारीक फरकासाठी एवढी खटपट! आपण मात्र सगळ्या पेट्या ट्यूनरच्या काट्यावर लावून मोकळे होतो. पुढे फ्रेंच कारागिरांनी रुकर्सची अशी वाद्यं उघडून, रुंद करून, दोन्ही ओळी सरळ करून टाकल्या कारण नाव रुकर्सचं असलं की किंमत भरमसाट यायची. मूळची रचना शाबूत राहिलेलं हे जवळजवळ एकुलतं एक.

मींडेचं उत्तर शेवटी मिळालं ते एका साध्या, चपट्या पेटाऱ्यात. क्लॅव्हिकॉर्ड, १७८४, जर्मनीतल्या आन्सबाखच्या हूबर्टचा. यात पट्टीच्या मागच्या टोकाला पितळेचं पातं असतं, ते तारेवर आपटतं आणि बोट उचलेपर्यंत तारेला टेकूनच राहतं. म्हणजे सूर लागल्यावरही बोट आणि तार यांचा संबंध तुटत नाही. बोट जरा दाबलं की तार ताणली जाऊन सूर वर चढतो, सोडलं की उतरतो. पट्टीवर आंदोलन! मी त्या पोरीला "अजून एकदा, अजून एकदा" करत तीनचार वेळा वाजवायला लावलं, भाचा लाजून लांब जाऊन उभा राहिला. पूर्ण मींड नाही म्हणता येणार, श्रुतीभर हलतं एवढंच, पण एवढ्यासाठी आपण जन्मभर तरसतो. मोठ्या बाखचा मुलगा सी. पी. ई. बाख म्हणायचा की वाजवणाऱ्याची खरी परीक्षा क्लॅव्हिकॉर्डवरच होते.

अडचण एकच, ऐकू येत नाही. अगदी शब्दशः, आम्ही हातभर अंतरावर कान देऊन उभे होतो आणि मागे कुणी खोकलं तर सूर गेला. हॉल भरून टाकायला याचा काय उपयोग? आवाज लहान-मोठा हवा आणि शेवटच्या रांगेपर्यंतही जायला हवा, तर ते हातोडीनंच जमलं. फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारासच पियानो बनवला होता, हार्प्सिकॉर्डवाले तरी बराच काळ झुंजले. लंडनच्या शुडीनं १७६९ मध्ये तारांवर झडपा बसवायचं पेटंट घेतलं, पायानं दाबलं की झडपा उघडून आवाज मोठा, सोडलं की लहान. आणि याच शुडीचा जावई, स्कॉटलंडचाच सुतार जॉन ब्रॉडवुड, पुढे पियानोचा बडा कारखानदार झाला. १७९३ मध्ये त्यांच्याकडे हार्प्सिकॉर्ड बनवणं बंदच झालं. सासऱ्याचा धंदा जावयानं बुडवला म्हणा.

जायचं असेल तर तिकीट नाही, पण रोज उघडं नसतं, वार आणि वेळ बघून जा. काचेतून बघण्यापेक्षा वाजताना ऐकणं महत्त्वाचं, त्यामुळे त्या लंबगोल दालनातल्या कॉन्सर्टचा दिवस गाठता आला तर उत्तमच. क्लॅव्हिकॉर्डच्या कॉन्सर्टला जाणार असाल तर पुढची खुर्ची पकडा आणि सर्दी असेल तर नका जाऊ.