ऐंशी बेलिनी आणि फेसाची भानगड

बोट एड्रियाटिक समुद्रात होती. संध्याकाळी साडेसहाला ऐंशी बेलिनी द्यायच्या होत्या. बेलिनी म्हणजे पीचचा गर आणि प्रोसेको ही इटलीची फेसाळ वाईन यांचं कॉकटेल. ग्लासमागे 50 मिली पांढऱ्या पीचचा गर आणि 100 मिली प्रोसेको. म्हणजे चार लिटर गर लागणार. 750 मिलीच्या बाटलीतून सातच ग्लास निघतात, म्हणून बाटल्या बारा.

चार वाजता चाचणीचे ग्लास भरले आणि घोळ झाला. प्रोसेको पडली की फेस काठावरून बाहेर, तो बसला की ग्लास अर्धा. रंगही गुलाबी कुठला, दुधाळ चहाचा. पहिला संशय बाटल्यांवर, पण त्या थंडगार होत्या. गरात थर्मामीटर घातला: 17 अंश.

"सर, मिक्सरला मस्त बारीक केलाय," रत्नागिरीचा ज्युनियर म्हणाला.

मेख तिथंच होती. मिक्सरने गरात हवा कोंडली जाते. हवेच्या त्या बारीक बुडबुड्यांवर आणि तंतूंवर वाईनमधला वायू धरतो आणि एकदम सुटतो. गर पुरेसा गार नसेल तर आणखीच. शिवाय हवेने पीच काळवंडतो.

नवा गर हाताने काढला. बी काढायची, साल ठेवायची, कारण गुलाबी छटा सालीत आणि बियेलगतच्या गरात असते. मग बारीक जाळीच्या गाळणीवर पळीने दाबत राहायचं. किलोला दोन मोठे चमचे लिंबाचा रस, भांडं बर्फात. हात भरून येतात, पण पर्याय नाही. पिवळा पीच चालवून घेणारे आहेत. मला तो या पेयात आंबटढोण लागतो.

व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये, 1931 साली तो सुरू करणाऱ्या जुझेप्पे चिप्रियानीने हे पेय बसवलं, तेव्हा ते पीचच्या हंगामापुरतंच असे. चित्रकार जोव्हान्नी बेलिनीच्या चित्रातल्या एका संताच्या वस्त्राचा गुलाबी रंग त्याला या पेयात दिसला, म्हणून हे नाव. चहाच्या रंगाची बेलिनी त्यामुळे नावालाच बट्टा.

ग्लास थेट भरले नाहीत. थंड जगमध्ये आधी गर, त्यात घोटभर प्रोसेको घालून सैल केला. उरलेली कडेने, दोन वेळा करून. मग लांब चमचा तळातून एकदाच वर. शेकर वापरायचा नाही, झाकण उडतं. एका जगमध्ये सहाच ग्लासांचा माल, कारण गर लगेच तळाला बसतो.

साडेसहाला ट्रे निघाले. वाटीभर गर उरला होता. नऊपर्यंत त्याचा वरचा थर तपकिरी झाला.